अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी: कधी, कशी आणि किती

बारशाच्या भेटींत दुपटी, टोपडी आणि वाळे यांच्या जोडीला हल्ली एक पॅसिफायर हमखास निघतो. त्यालाच मराठीत चोखणी म्हणतात. ती पाकिटातून काढू नका, तशीच बाजूला ठेवा. बारशाला बाळ जेमतेम बारा दिवसांचं असतं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी द्यायचीच असेल तर ती सव्वा महिन्याच्या आसपास. सगळं सुरळीत चाललं असेल तर ४ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायलाही हरकत नाही, पण त्याआधी नको. कधीच दिली नाही तरी बाळाचं काही अडत नाही. ही वस्तू सोयीची आहे, गरजेची नाही.

थांबायचं कशासाठी

पहिल्या काही आठवड्यांत आईच्या अंगावरच्या दुधाचं प्रमाण ठरत असतं. छाती जितक्या वेळा आणि जितकी रिकामी होते, तितकं पुढचं दूध बनतं. ती भरून राहिली की शरीर आपलं काम कमी करतं. बाळाने अर्धा तास चोखणी चोखली तर तो अर्धा तास छातीच्या वाट्याचा गेला. असं दिवसातून दोन-तीनदा झालं की पाजण्याची एखादी वेळ नकळत गळते. रात्रीची गळली तर जास्त महागात पडते, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच्या वेळी अधिक पाझरतं. पंधरा दिवसांनी 'दूध पुरत नाही' अशी कुरबूर सुरू होते, घरात पावडरचा डबा येतो, आणि सुरुवात चोखणीपासून झाली होती हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

दुसरं कारण तोंडाच्या सवयीचं. छातीवर पिताना बाळ तोंड मोठं उघडतं आणि बोंडशीबरोबर भोवतालचा काळा भागही बराचसा आत घेतं. बोंडशी पार टाळूच्या मऊ भागाजवळ पोचते आणि जीभ खालून लाटेसारखी दाबत दूध ओढते. चोखणीला यातलं काहीच लागत नाही. ओठ जरासे उघडले, टोक आत घेतलं, झालं. काही बाळांना दोन्ही प्रकार सहज जमतात. काही मात्र छातीवरही नुसतं टोक पकडायला लागतात. मग आईला भेगा पडतात आणि बाळाला दूध कमी मिळतं. कोणतं बाळ गोंधळेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून छातीचं शिकणं पक्कं होईपर्यंत थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमध्ये पूर्वी स्पष्ट सांगितलं होतं: अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंडशी किंवा चोखणी देऊ नये. २०१८ च्या सुधारणेत शब्द बदलले, आणि या वस्तूंचा वापर व धोके आईला समजावून सांगावेत असं म्हटलं गेलं. या बदलामागे अभ्यासही आहेत. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांमध्ये आणि अंगावर पाजण्याचा आईचा निर्धार असेल तिथे, चोखणीमुळे पहिल्या चार महिन्यांत स्तनपान घटल्याचं दिसलं नाही. पण 'निर्धार असलेली आई' ही अट वाचताना सुटून जाते. ज्या आईला दूध पुरतंय की नाही याची धाकधूक आहे, बोंडशी दुखते आहे किंवा घरात वरच्या दुधाचा आग्रह चालू आहे, तिला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही.

चोखणीची एक जमेची बाजूही सांगायला हवी. झोपेत, कारण न सापडता होणाऱ्या अर्भकमृत्यूला सिड्स म्हणतात. झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांमध्ये त्याचा धोका कमी आढळतो. म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी स्तनपान स्थिरावल्यावर झोपेच्या वेळी चोखणी द्यायला सुचवते. हा धोका १ ते ४ महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त असतो, त्यामुळे पहिला महिना थांबल्याने ही संधी हुकत नाही. शिवाय स्तनपानानेही हा धोका कमी होतो. बाळाला पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर, उशी-लोड न ठेवता झोपवणं यापेक्षाही महत्त्वाचं आहे. चोखणी त्याची जागा घेत नाही.

स्तनपान स्थिरावलं हे कसं ओळखायचं

कॅलेंडरवरचे ४ आठवडे ही अर्धीच खूण झाली. उरलेली अर्धी वजनकाट्यावर आणि लंगोटात दिसते.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. ते १० ते १४ दिवसांत, म्हणजे साधारण बारशाच्या सुमारास, जन्मवजनावर परत यायला हवं. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ तपासतात. त्यांच्या कार्डावरचे आकडे एकाखाली एक वाचले की पुरेसा अंदाज येतो. वेगवेगळ्या काट्यांवरच्या वजनांची तुलना करू नका, शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक काट्याचाच असू शकतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा शू व्हायला हवी आणि तिचा रंग फिकट हवा. पहिल्या महिन्यात पिवळी, पातळसर शी दिवसातून तीन-चारदा होते. डायपरमध्ये शू मोजणं अवघड जातं. चोखणी सुरू करायच्या आठवड्यात दिवसा कापडी लंगोट वापरले तर हिशेब सोपा होतो.

पाजणं २४ तासांत ८ ते १२ वेळा होत असावं, आणि पाजताना आईला दुखू नये. सुरुवातीचा एखादा क्षण ओढल्यासारखं वाटणं वेगळं. पूर्ण पाजेपर्यंत दुखत असेल, किंवा सुटल्यावर बोंडशी लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी चपटी दिसत असेल, तर पकड चुकते आहे. आधी ती दुरुस्त करून घ्या.

या सगळ्याचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ, कावीळ असलेलं आणि पिता पिता झोपी जाणारं बाळ, जिभेखालची घडी आखडलेलं बाळ, यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोखणी नको. अशी बाळं भुकेचा आवाजच मुळात कमी करतात. त्यात तोंडात चोखणी असली तर तोही ऐकू येत नाही. उलट, अपुऱ्या दिवसांचं बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नळीने दूध घेत असताना तिथल्या परिचारिका स्वतःहून चोखणी देतात. तिथे ती चोखण्याचा सराव म्हणून असते आणि हे वरचे नियम तिला लागू नाहीत.

विकत घेताना

संपूर्ण एकाच तुकड्यात ओतलेली सिलिकॉनची चोखणी घ्या. दोन-तीन भाग जोडलेली असेल तर जोड सुटून बोंडशी बाळाच्या घशात जाऊ शकते, आणि त्या फटीत दूध-लाळही साठते. रबराची, म्हणजे लॅटेक्सची चोखणी मऊ असते, पण उकळून लवकर चिकट होते, आणि काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते.

मागची चकती किमान ३.८ सेंटीमीटर रुंद हवी, म्हणजे ती पूर्ण तोंडात जाणार नाही. तिला हवेसाठी निदान दोन भोकं हवीत. पाकिटावरचा वयोगट वाचा: ० ते ३ किंवा ० ते ६ महिने. 'मोठी घेतली की जास्त दिवस चालेल' हा कपड्यांचा हिशेब इथे लावू नका. मोठ्या बोंडशीने बाळाला उमासे येतात.

आकार गोल चेरीसारखा असतो किंवा वरून चपटा. छातीवर पिणाऱ्या बाळांसाठी अमुकच आकार बरा, असा दावा पाकिटावर असतो. त्याला फार किंमत देऊ नका. एका बाळाला एक आवडतो, दुसऱ्याला दुसरा. म्हणून पहिल्यांदा दोन वेगळ्या आकारांची एकेकच घ्या, सहाचा संच घेऊ नका.

जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या घुंगरू, शिट्टी किंवा चमचमणारं पाणी भरलेल्या चोखण्या बाळाच्या तोंडात जाता कामा नयेत. दुधाच्या बाटलीच्या निपलमध्ये कापूस किंवा फडकं कोंबून घरी केलेली चोखणी तर सर्वांत धोक्याची. बाळ जोरात ओढतं, निपल कड्यातून सुटतं आणि कापसासकट घशात अडकतं.

पहिल्यांदा उकळणं

नवी चोखणी साबणाच्या पाण्याने धुवा. झाकणाच्या पातेल्यात ती पूर्ण बुडेल आणि तळाला टेकणार नाही इतकं पाणी घ्या, उकळी फुटल्यापासून ५ मिनिटं मोजा, गॅस बंद करून तशीच निवू द्या. तळाला टेकली तर सिलिकॉन भाजून खडबडीत होतं. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसतो, तिथे गाळणी यंत्राचं पाणी वापरा.

उकळताना पोकळ बोंडशीत पाणी शिरतं. निवल्यावर ती चिमटीत दाबून ते पूर्ण काढा. बाहेरून कोमट लागणारी चोखणी आतून कढत असते. बाळाच्या तोंडात भाजण्याचा खरा धोका याच थेंबांचा. पहिले सहा महिने रोज एकदा उकळा, आणि जमिनीवर पडली की प्रत्येक वेळी धुवा. स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करून देणं बंद. मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतू त्याच वाटेने बाळाकडे जातात.

देण्याची रीत

पहिला प्रयत्न दिवसा करा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी बरीच बाळं तासन्‌तास छातीशी चिकटून असतात, थोडं थोडं पीत राहतात. तो हट्ट नसतो, तसंच पिणं असतं. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ अचानक जास्त पिऊ लागतं, तेही दिवस टाळा. सहाव्या आठवड्यातलं पिणं वाढलेलं दिसलं तर सव्वा महिन्याचा मुहूर्त खुशाल चार-पाच दिवस पुढे ढकला.

दोन्ही बाजूंनी पोटभर पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून झालं आहे. बाळ जागं आहे, शांत आहे, पण ओठ हलवतंय किंवा मूठ चोखतंय. पाजून साधारण अर्धा तास झाला आहे. ही योग्य वेळ. रडून लालबुंद झालेल्या बाळाच्या तोंडात पहिल्यांदा चोखणी घातली तर ते ती थुंकतं आणि पुढच्या वेळी बघूनच तोंड फिरवतं.

हात धुवा. चोखणी आडवी, उभी, सगळीकडून ओढून बघा. चीर, चिकटपणा किंवा रंगात बदल दिसला तर ती फेकून द्या. बाळाला थोडं उभट, आपल्या हाताच्या कुशीत धरा. बोंडशी थेट तोंडात घालू नका. ती वरच्या ओठाच्या मधोमध हलकेच टेकवा, पाळण्याच्या दोरीला झोका देतो तेवढ्याच जोराने ओठावरून खाली आणा. बाळ शोधतं, तोंड मोठं उघडतं. त्या क्षणी बोंडशी जिभेच्या वर ठेवा. जिभेखाली गेली तर बाळ तिला जिभेनेच ढकलून देईल. तोंड उघडलं नाही तर आज नको. जबरदस्ती केली की बाळ उमासा काढतं, आणि हीच आठवण पुढे छातीवरही त्रास देते.

आत गेल्यावर चकतीवर एका बोटाने नाममात्र आधार द्या. चोखणं सुरू झालं की चोखणी अगदी किंचित मागे ओढा. बाळ निसटतंय असं समजून जास्त जोरात चोखतं, आणि पकड बसते. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर थांबा, दुसऱ्या दिवशी याच वेळेला पुन्हा. चार-पाच दिवसांत ओळख झाली नाही तर दुसऱ्या आकाराची बघा. तीही नको असेल तर बाळाने उत्तर दिलं आहे.

टोकावर आईच्या काढलेल्या दुधाचे एक-दोन थेंब लावले तर चालतील. मध, साखरेचं पाणी, गूळ, ग्राइप वॉटर, ग्लिसरीन यांपैकी काहीही नाही. घरातली वडीलधारी माणसं 'आम्ही सगळे मधाचं बोट चाटूनच मोठे झालो' म्हणतील. त्यांना शांतपणे सांगा की मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना हा आजार झाला होता. उकळून मध निर्धोक होत नाही. हे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत.

भूक की नुसतं चोखणं

सगळी मेख इथे आहे. चोखणी रडणं थांबवते, भूक थांबवत नाही. म्हणून रडण्याची वाट पाहायचीच नाही. डोकं इकडेतिकडे फिरवून शोधणं, ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं, अंगाला आळोखेपिळोखे देणं, या भुकेच्या आधीच्या खुणा. रडणं ही शेवटची. मूठ चोखणं दोन्हीकडे येतं, त्यामुळे तेवढ्यावरून ठरवू नका. शेवटचं पाजणं कधी झालं ते बघा.

चोखण्याची लय ऐकायला शिका. दूध येत असताना बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढतं, मध्ये गिळण्याचा हलका आवाज येतो. नुसतं मन रमवताना लय दुप्पट जलद, सेकंदाला दोनदा, आणि गिळणं जवळजवळ नाही. चोखणी घेतल्यावर बाळ काही मिनिटांत सैल पडलं, मुठी उघडल्या, तर त्याला तेवढंच हवं होतं. जोरजोरात चोखून मध्येच सोडून ओरडत असेल, मुठी घट्ट असतील, तर चोखणी काढा आणि पाजा. मागचं पाजणं वीस मिनिटांपूर्वी झालं असलं तरी पाजा.

क्रम ठरवून ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगा: आधी छाती, मग ढेकर, मग लंगोट, मग खांद्यावर घेऊन फिरवणं, आणि शेवटी चोखणी. बाळ दुसऱ्याच्या हातात असताना आईला 'जरा झोप, मी चोखणी देते' असं म्हणणाऱ्या मावशीचा हेतू चांगला असतो, पण पाजण्याच्या वेळा अशाच गळतात. पहिले दोन आठवडे भिंतीवर कागद चिकटवून प्रत्येक पाजण्याची आणि शूची खूण करा. पाजणं आठच्या खाली गेलं की चोखणी बंद.

लसीच्या वेळी, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या सुयांना, चोखणीपेक्षा छातीवर घेऊनच सुई देणं जास्त उपयोगी. नर्सताईंना आधी विचारून ठेवा.

झोप आणि दोरे

झोपताना दिलेली चोखणी झोपेत गळून पडते. पडू दे. उठून पुन्हा घालायची गरज नाही. एकदा ती सवय लागली की रात्री पाच वेळा उठून अंधारात चोखणी शोधण्याचं काम आईबाबांच्या नशिबी येतं.

चोखणीला दोरा, रिबन, साखळी बांधून गळ्यात घालायची नाही, पाळण्याला बांधायची नाही. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा असेल तर चोखणी त्यात मुळीच ओवू नका. कपड्याला लावायची छोटी क्लिप जागेपणी, कुणाचं लक्ष असताना चालेल; तिची पट्टी वीतभरापेक्षा लांब नको, आणि झोपवताना ती काढून टाका.

बिघडलं तर

चोखणी सुरू केल्यावर पंधरवड्यात आईची बोंडशी पुन्हा दुखू लागली, पिताना 'टक् टक्' असा आवाज यायला लागला किंवा बाळ छातीला धरताच रडून मागे सरू लागलं, तर चोखणी दोन-तीन दिवस पूर्ण बाजूला ठेवा. त्या दिवसांत बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून जास्तीत जास्त वेळ ठेवा, अर्धवट झोपेत असतानाच पाजा. बहुतेक बाळं परत वळणावर येतात. वजनाची वाढ मंदावली असेल तर दोन दिवसही वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

जिभेवर, गालांच्या आत पुसून न निघणारे दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके, आणि आईच्या बोंडशीला जळजळ, हे बुरशीचं लक्षण. औषध बाळाला आणि आईला एकाच वेळी लागतं, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा पुन्हा होत राहतं. त्या काळात चोखणी रोज उकळा आणि औषध संपलं की नवी घ्या. एरवीही सिलिकॉनची चोखणी दीड-दोन महिन्यांत बदलायची, चांगली दिसत असली तरी.

तोंडाभोवती लाल पुरळ आलं तर ते बहुधा चकतीखाली साठलेल्या लाळेचं असतं. चोखणीचा वेळ कमी करा, तोंड मऊ कापडाने टिपून कोरडं ठेवा.

सोडवणं

सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोपेपुरती आणा. या वयापुढे तिच्यामुळे मधल्या कानाचे संसर्ग वाढलेले दिसतात. एक वर्षाच्या आसपास ती सोडवणं सर्वांत सोपं असतं. पुढे मूल बोलू लागतं, मागू लागतं, आणि काम अवघड होतं. दोन-तीन वर्षांपुढे चालू राहिली तर समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना भिडत नाहीत आणि मध्ये फट राहते. सोडवताना आधी दिवसाची झोप, मग रात्रीची, मध्ये आठवडाभराचं अंतर. कडू औषध किंवा मिरची लावू नका. चोखणीचं टोक कात्रीने कापून 'ती मोडली' म्हणून मुलाच्या हाती देण्याची युक्ती बरेच जण सांगतात. कापलेल्या टोकाचा तुकडा तुटून घशात जातो. मोडायचीच असेल तर ती मुलाच्या नजरेआड कचऱ्यात टाका.